हो, खुर्च्याच मांडल्या

‘इव्हेंटच्या इंटर्नशिपमध्ये खुर्च्या मांडण्यापलीकडे काय शिकलीस?’ वायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हे विचारलं, घरी येणारे-जाणारे विचारतात, आणि आता पुढच्या बॅचचे ज्युनियरही. दर वेळी मी गुळमुळीत उत्तर देते: टीमवर्क, कम्युनिकेशन, टाइम मॅनेजमेंट. रिपोर्टमध्येही तेच छापलंय. आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

खुर्च्याच मांडल्या. भरपूर मांडल्या. पण ते हलकं काम आहे हे ठरवलं कुणी? मोठ्या हॉलमध्ये सुट्या खुर्च्या एकमेकींना क्लिपने जोडतात, कारण लोक घाईत उठले की सुटी खुर्ची आडवी होते आणि मागचा तिच्यावर पडतो. एका रांगेत किती खुर्च्या, मधली वाट किती रुंद, हे हॉल किती लवकर रिकामा होईल यावरून ठरायला हवं. आमच्या सिलॅबसमध्ये कन्सेप्ट होता, बजेट होतं, स्पॉन्सरशिप होती. हॉल रिकामा कसा होतो, यावर जेमतेम एक परिच्छेद.

आता खरंही सांगते. बरंचसं काम फालतूच होतं. बॅज नावांप्रमाणे लावा, लॅनयार्डचा, म्हणजे बॅज गळ्यात अडकवायच्या पट्ट्यांचा, गुंता सोडवा, पाहुण्यांना फोन करून ‘येताय ना?’ विचारा. स्टायपेंड नव्हताच. फुकटात राबवून घेतलं असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

पण एक रात्र सांगायची राहिलीय.

एका कंपनीचा पुरस्कार सोहळा होता. हॉलचा ताबा आदल्या रात्री मिळाला. लोड-इनचा, म्हणजे सामान आत आणून उभं करण्याचा, क्रम ठरलेला असतो: आधी रिगर, म्हणजे वजनदार सामान वर टांगणारे, ट्रस (लाइट वगैरे टांगायचा धातूचा सांगाडा) चढवतात, मग साउंड, लाइट, एलईडी वॉल, मग स्टेजचा सेट, मग खुर्च्या-टेबलं आणि सगळ्यात शेवटी ब्रँडिंग. गोची इथेच होते. फ्लोअर प्लॅन, म्हणजे हॉलमध्ये कुठे काय ठेवायचं याचा नकाशा, आधीच मंजूर झालेला असतो, पण फोटोसाठीचा बॅकड्रॉप, म्हणजे मागचा छापील पडदा, येतो पहाटे, सगळे पेंगत असताना, आणि मोकळी भिंत दिसेल तिथे उभा राहतो. आमचा फोटो बूथ डावीकडच्या मागच्या दारासमोर उभा राहिला. ते आपत्कालीन दार होतं. वरची हिरवी पाटी फ्लेक्सच्या मागून अर्धीच दिसत होती.

मी सुपरवायझरना सांगितलं. ते म्हणाले, ‘क्लायंटने जागा बघून ओके दिलंय. आणि मेन गेट आहे की.’

मेन गेट आहे की! २००३ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ नावाच्या नाइटक्लबला आग लागली. बाहेर पडायला इतर दारं होती, तरी बहुतेक लोक ज्या दाराने आत आले होते तिकडेच धावले, तिथेच अडकले. १०० माणसं गेली. १९९७ मध्ये दिल्लीच्या उपहार सिनेमात ५९ गेली, आणि तिथे बाल्कनीतली एक वाट जादा खुर्च्या बसवून बंद केलेली होती. खुर्च्यांनी! हे मी त्यांना तेव्हा ऐकवलं नाही. इंटर्नने ऐकवायचं नसतं.

मी दाराचा फोटो आणि शेजारी प्लॅनचा तुकडा ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर क्लायंटही होते, हे मला माहीत होतं. प्रॉडक्शन हेड मॅडम खाली आल्या, बूथच्या मागे डोकावल्या आणि वॉकी-टॉकीवर एवढंच म्हणाल्या, ‘बूथ काढा.’ क्लायंटकडचे गृहस्थ तडकले. प्रवेशद्वारातून दिसणारी जागा गेली, लोगो कोपऱ्यात गेला. सुपरवायझरनी मला सगळ्यांसमोर विचारलं, ‘तुला इथे कशाला ठेवलंय?’ मला रडू आलं. आवरलं नाही. रिगरची पोरं बघत होती.

सोहळा छान झाला. आग लागली नाही, वीज गेली नाही, कुणाला चक्करसुद्धा आली नाही. म्हणजे माझ्याकडे दाखवायला काहीच उरलं नाही. उरलेली इंटर्नशिप मी गोदामात लॅनयार्ड मोजत काढली. मूल्यमापनाच्या फॉर्मवर शेरा आला: ‘क्लायंटसमोर कसं वागावं याचं भान नाही.’ ग्रेड घसरली. मॅडमनी फॉर्मवर काही लिहिलं नाही. सहीच सुपरवायझरची लागते.

नंतर कितीतरी महिने मी स्वतःला समजावत होते, की मॅडमना हळूच वेगळा मेसेज करायला हवा होता. काम झालं असतं, ग्रेडही वाचली असती. आज ते पटत नाही. त्या झोपल्या असत्या तर? सकाळी दार उघडायच्या वेळेपर्यंत मेसेज न वाचलेला राहिला असता तर? पण हेही खरं, की ग्रुपवर टाकताना दाराची काळजी होती तशी सुपरवायझरवरची चीडही होती. दोन्हींचं प्रमाण मला सांगता येणार नाही, आणि ते सांगायची गरज आहे असंही वाटत नाही. दार मोकळं झालं ना?

ज्युनियरना आधी मी सांगायचे, जाऊ नका, राबवतात. आता सांगते, जा, पण मंजूर प्लॅनची प्रत खिशात ठेवा. मग ते विचारतात, ‘ग्रुपवर टाकायचं का?’ तिथे मी विषय बदलते.

आणि तुमचा पुढचा प्रश्न माहीत आहे: याच क्षेत्रात नोकरी शोधतेयस का? शोधतेय. एका अर्जासोबत तो फॉर्म जोडला, दुसऱ्यासोबत नाही जोडला. अजून कुठूनच उत्तर नाही.