रुबेला झालाय, तर आधी आळीत सांगा

पोराच्या अंगावर पुरळ उठलं की आपल्याकडे एकच शब्द निघतो, गोवर. मग वाळवा असो की कराड, उशाशी कडुलिंबाचा पाला येतो, आंघोळ बंद होते. पण पुरळ उठवणारा प्रत्येक आजार गोवर नसतो.

रुबेला हा विषाणूने होणारा, पुरळ उठवणारा असाच दुसरा आजार. त्यात ताप बेताचा असतो. फिकट गुलाबी, बारीक पुरळ आधी तोंडावर येतं आणि दिवसभरात पोटापाठीवर उतरतं. ते पायांपर्यंत पोचेस्तोवर तोंडावरचं विरायलाही लागतं, आणि तीनेक दिवसांत सगळं जातं. गोवरात मात्र आधी तीन-चार दिवस सणसणीत ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे, आणि पुरळ मागून. रुबेलाची खरी खूण बोटांना लागते. कानामागच्या हाडावर आणि मानेमागे केसांच्या कडेला बोटं फिरवून बघा, हरभऱ्याएवढ्या दुखऱ्या गाठी हाताला लागतात. त्या पुरळाच्या आधीही येतात. मोठ्या बायकांचे बोटांचे, मनगटांचे सांधेही धरतात. तरीही नुसतं बघून खात्री होत नाही, डेंगीतही पुरळ येतं. म्हणून आशाताईंना कळवा. ताप आणि पुरळ असलेल्या मुलाची नोंद सरकारी यंत्रणा घेते, रक्ताचा नमुनाही घेतला जातो.

विषाणू मारणारं औषध नाही. तापाला पॅरासिटामॉल, दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास. घोटाळा होतो तो बाटलीत. ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप असतं, तसं २५०चंही असतं. दहा किलोच्या मुलाला पहिलं ६ मिली चालतं. दुसरं ३ मिलीच. बाटली बदलली आणि माप तेच ठेवलं की डोस दुप्पट होतो. घरातला चमचा नको, मापाची सिरिंज वापरा. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नको. कोमट पाण्याने आंघोळ घाला, नेहमीचं जेवण द्या, पाणी, ताक पाजत राहा. झोपेतून उठेना, झटका आला, मान ताठ झाली, अंगावर जांभळे ठिपके उठले किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर घरी थांबू नका.

मुलाला यातून सहसा काही होत नाही. धोका शेजारी असतो. गरोदरपणाच्या पहिल्या १२ आठवड्यांत आईला लागण झाली, तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष होण्याची शक्यता ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जाते. पुढे ती उतरत जाते. मोतीबिंदूचा हा संबंध ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली ओळखला. आणि आपल्याकडे नेमके हेच तीन महिने गोड बातमी कुणाला सांगत नाहीत. डोहाळजेवणाला सगळ्यांना कळतं, तोवर घातक आठवडे उलटून गेलेले असतात. म्हणून ‘आमच्या आळीत कुणी गरोदर नाही’ असं धरून चालू नका. पुरळ आलेल्या घरानेच पुढे होऊन सांगावं, पाहुणे थांबवावेत, पुरळ उठल्यापासून सात दिवस मुलाला शाळा, अंगणवाडी, जत्रा बंद. पुरळाआधीचे सात दिवसही ते मूल आजार पसरवतच असतं, तेव्हा त्या आठवड्यात घरी कोण येऊन गेलं तेही आठवा. ज्या गरोदर बाईचा संपर्क आला तिने पुरळाची वाट न बघता डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्यावं, कारण अनेकांना लागण होऊनही काहीच दिसत नाही.

लस मात्र चोख आहे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत, दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट. राहून गेला असेल तर पाच वर्षांपर्यंत मिळतो. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर फिरणाऱ्या मुलांचे डोस असेच राहतात. फडाजवळ खोप्या पडल्या की तिथली लहान मुलं आशाताईंच्या कानावर घाला. लग्न ठरलेल्या मुलीने लस घेतल्याची नोंद नसेल तर आताच घ्यावी आणि नंतर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. गरोदरपणात ही लस देत नाहीत. आधी घ्यायची राहिलीच, तर बाळंतपण झाल्यावर घ्यावी, अंगावर पाजत असली तरी चालते.