एका घरातले दोन नमुने

एकाच घरातल्या आई-मुलाचे नमुने त्या रात्री लॅबमध्ये आले. दोघांनाही तांदळाच्या धुवणासारखे जुलाब. आईचा नमुना कॅरी-ब्लेअर माध्यमात, म्हणजे वाटेत जंतू जिवंत ठेवणाऱ्या द्रव्यात, नीट बुडवून आलेला. मुलाचा मात्र कोरडा स्वॅब, तोही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसनंतर घेतलेला आणि बराच वेळ वॉर्डात पडून राहिलेला.

व्हिब्रिओ कॉलरी, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू, माणसाला काही तासांत मरणाच्या दारात नेतो, पण कोरडेपणा त्याला सोसत नाही. आम्लही नाही. अल्कली मात्र मानवते, आणि आमची सगळी भिस्त त्यावरच. ८.५ च्या आसपास पीएच असलेल्या पेप्टोन वॉटरमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या द्रवात, आतड्यातले इतर जंतू मागे पडतात, हा भराभर वाढतो आणि प्राणवायूच्या ओढीने पृष्ठभागाशी जमतो. म्हणून सहा तासांनी नळी अजिबात न हलवता वरच्या थरातूनच लूप, म्हणजे तारेचा बारीक फास, भरायची. नवीन मुलं ती आधी हलवतात. कितीदा सांगितलं तरी हलवतात.

आईच्या नमुन्याच्या हँगिंग ड्रॉपमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या लटकत्या थेंबात, जंतू सुसाट, आडवेतिडवे पळत होते. ओ१ गटाच्याच जंतूंना जखडणारं ओ१ अँटिसीरम सोडलं आणि जागच्या जागी थबकले. दुसऱ्या दिवशी टीसीबीएस या व्हिब्रिओसाठीच्या खास माध्यमाच्या हिरव्या प्लेटवर २-३ मिलिमीटरच्या पिवळ्या, चकचकीत वसाहती. तिथून थेट ऑक्सिडेज ही रंगबदलाची चाचणी केली तर ती फसवते. न्यूट्रिएंट अगार या साध्या माध्यमावर घेऊन केली, लगेच जांभळी. डीऑक्सिकोलेटच्या थेंबात कालवून लूप उचलली, तर तार निघाली, ही व्हिब्रिओची खूण. ओ१ गट, ओगावा उपप्रकार.

मुलाच्या प्लेटवर व्हिब्रिओ नाही. पेप्टोन वॉटरमधून पुन्हा लावलं, तरी नाही. सलाइन वेळेत लागल्यामुळे मूल सावरलं, आणि उपचार रिपोर्टसाठी थांबले नाहीत हे फार बरं झालं. मी 'व्हिब्रिओ कॉलरी आढळला नाही' असं लिहून खाली नमुन्याच्या अवस्थेची टीप टाकली. पण रजिस्टरात निकालाला एकच रकाना आहे. टीप वरच्या तक्त्यापर्यंत जातच नाही. गडबडीत सलाइन लावणाऱ्या सिस्टरांना मी दोष देत नाही. कॅरी-ब्लेअरच्या बाटल्या कपाटात पडून असतात आणि त्या कधी वापरायच्या हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं, याचा मात्र संताप येतो.

पाणी तपासायला निघालेल्या पथकाच्या कागदावर त्या घरात एकच रुग्ण होता. मी फोन करून दुसऱ्याचंही सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, "पॉझिटिव्ह आहे का?"