जॅकेट दीड महिन्याचं, बूट बारा महिन्यांचे

जॅकेट आलं तेव्हा आमच्याकडे कापसाची दुसरी वेचणी चालू होती. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्यापासून बारा-तेरा किलोमीटरवर आमचं गाव. घरची शेती आणि गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं सेंटर. पहिल्या वेचणीचे पैसे हातात आले आणि मनात वर्षभर घोळत असलेली गोष्ट मी मागवून टाकली. गडद तपकिरी बकरीच्या चामड्याचं, जुन्या वैमानिकांच्या धाटणीचं जॅकेट. शर्टासारखी कॉलर, पुढे पितळी चेन, झाकणाचे दोन खिसे, मनगटाला आणि कमरेला विणलेली पट्टी. अमेरिकन लष्कराच्या हवाई शाखेने 1931 साली हा नमुना ठरवला, त्याचं नाव ए-2. माझं अर्थात नक्कल, पण चांगली नक्कल.

घालून आरशासमोर उभा राहिलो. कमरेच्या वर सगळं ठीक होतं. खाली पांढरे-निळे स्पोर्ट शूज. वरचा माणूस वेगळा आणि खालचा वेगळा.

पहिले बूट मी घाईत घेतले. ऑनलाइन, एकोणीसशे रुपये, वर ठसठशीत लिहिलेलं 'जेन्युइन लेदर'. निवडताना एकच कसोटी लावली, ती म्हणजे रंग जॅकेटशी जुळला पाहिजे. रंग जुळला. इतका जुळला की दोन्ही घालून अंगणात आलो तर ताई म्हणाली, "अरे, सोफा चालत येऊन रायला!"

तिचं हसणं मी मनावर घेतलं नाही. ते काम पुढे बुटांनीच केलं. दोन महिन्यांत बोटांच्या वाकणावर वरचा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटू लागला. मार्चमध्ये ते माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत कपाटावर ठेवले. मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याखाली तर विचारू नका. जूनमध्ये काढले तेव्हा उजव्या बुटाचा तळ पुढून उघडून मगरीसारखा जबडा वासून होता. कडेने जी सुंदर पांढरी शिलाई दिसत होती ती तळाला जोडलेलीच नव्हती. नुसती शोभेची. परत करायची मुदत कधीच संपली होती.

दारव्ह्याला स्टँडजवळ एक काका बसतात. त्यांच्याकडे चिकटवायला नेले. त्यांनी बूट हातात घेतला, उलटा केला, वास घेतला आणि विचारलं, "भाऊ, चिकटवून देऊ का उघडून दाखवू?"

"उघडा."

रापीने त्यांनी कड उभी कापली. वर चकचकीत प्लॅस्टिकसारखा थर, खाली भुरकट, कापसाच्या सरकीसारखा तंतुमय भाग. टाचेत पुठ्ठा. आतल्या तळव्यातही पुठ्ठाच, घामाने फुगलेला. "चामडं हाये, पण खालचं हाये," काका म्हणाले. "वरची साय काढून घेतली आन ताक इकलं तुमाले."

त्या एका वाक्यात मला जे कळलं ते मोबाइलवर तासभर वाचूनही कळलं नव्हतं. जनावराच्या कातड्याचा सगळ्यात घट्ट भाग वरचा, केसांकडचा. तो न घासता तसाच ठेवला तर फुल ग्रेन. वरून थोडा घासून डाग-ओरखडे काढले की टॉप ग्रेन. जाड कातडं आडवं चिरून उरलेला खालचा थर म्हणजे स्प्लिट, त्यावर रंगाचा किंवा प्लॅस्टिकचा लेप चढवतात. भुसा करून गोंदाने थापलेलं ते बाँडेड. 'जेन्युइन लेदर' या शब्दांत यांतलं पहिलं, दुसरं, तिसरं काहीही बसू शकतं, खोटं काहीच नाही. 'शुद्ध दूध' म्हटलं म्हणजे पाणी नाही एवढंच कळतं, साय आहे की काढली ते कळत नाही.

पुढचे बूट घेण्याआधी मी एक कागद घेऊन बसलो. त्यावर पहिलं वाक्य लिहिलं ते जॅकेटबद्दल होतं: हे वर्षातून किती दिवस घालणार? आमची थंडी म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत. सकाळी गाडीवर जाताना, रात्री जागलीला, एखाद्या लग्नात. फार तर दीड महिना. उरलेले साडेदहा महिने जॅकेट पेटीत. बूट मात्र मला रोज घालायचे होते. सेंटरवर, बँकेत, बाजार समितीत, शेताच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत. म्हणजे मी उलट्या टोकाने निघालो होतो. बूट आधी माझ्या रस्त्याला जमायला हवे होते, जॅकेटला मग.

हे एकदा ठरलं आणि यादीतली अर्धी नावं आपोआप कटली. पोटरीपर्यंत येणारे, बक्कलवाले इंजिनिअर बूट फोटोत राजबिंडे दिसतात, पण आमच्या मार्चमध्ये ते घालायचे म्हणजे पायांना पोपटीच्या मडक्यात घातल्यासारखं. चेल्सी बूट घालायला सोपे, पण दोन्ही बाजूंचं इलॅस्टिक एकदा सैल पडलं की आमच्याकडे ते बदलून देणारा कोणी नाही. मऊ, लवदार स्वेडचे डेझर्ट बूट मला मनापासून आवडतात. काळी माती ज्याने पाहिली आहे त्याला ते का घेतले नाहीत हे सांगायला नको. उरले सहा इंच उंचीचे, लेसवाले, गोल तोंडाचे साधे बूट. एनसीसीत आम्ही अँकल बूट म्हणायचो, साधारण त्याच घराण्यातले. गंमत म्हणजे त्या जुन्या अमेरिकन सैनिकांच्या पायातही तांबूस तपकिरी लेसवाले सर्व्हिस शूजच असत. एवढा फिरून मी मूळ जोडीवरच आलो होतो.

तळाबद्दल मी सगळ्यात जास्त डोकं खाजवलं. चामड्याचा तळ बाद, ओल्या फरशीवर घसरतो आणि चिखलात भिजतो. खोल खाचांचा, ट्रॅक्टरच्या टायरसारखा तळ दमदार वाटतो. पण आमची माती त्या खाचांत एकदा भरली की निघत नाही. वीस पावलांत एकेका पायाला शेर-शेर वजन चढतं आणि माणूस उंच होत जातो. मला हवा होता सपाट रबरी तळ, त्यावर उथळ बुट्ट्या, कडा सरळ, म्हणजे धुऱ्यावरच्या दगडाला घासला की माती सुटेल.

आणि तळ शिवलेला हवा होता. गुडइयर वेल्ट या पद्धतीत बुटाचं वरचं चामडं, आतला तळवा आणि कडेने फिरणारी चामड्याची पट्टी एकत्र शिवतात. मग त्या पट्टीला बाहेरचा तळ वेगळा शिवतात. तळ झिजला की फक्त ती बाहेरची शिलाई उसवायची आणि नवा तळ लावायचा, वरच्या चामड्याला हात लागत नाही. मधल्या पोकळीत बहुधा बुचाचा लगदा असतो, तो हळूहळू पायाच्या आकाराने दबतो.

दिवाळीनंतर नागपूरला गेलो. सीताबर्डीत पहिल्या दुकानातल्या पोराने मला ऐकवलं, "सर, टायरच्या कंपनीचा सोल आहे हा, फाटणारच नाही." गुडइयर नाव ऐकून त्याला टायर आठवले. पण वेल्ट शिवायचं हे यंत्र, रबर टिकाऊ करायची रीत शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयरच्या मुलाच्या नावाने ओळखलं जातं. टायरची कंपनी पुढे 1898 मध्ये दुसऱ्याच माणसाने काढली आणि त्या रबरवाल्याचं नाव तिला दिलं. पोराला हे सांगायचा मोह झाला, आवरला. बूट उलटा करून पाहिला तर शिलाई खोटीच होती. ओळखायची सोपी खूण म्हणजे वरच्या पट्टीवर दिसणारा टाका तळाच्या खालीही खाचेत दिसायला हवा. काही चांगल्या बुटांत तो झाकलेला असतो, तेव्हा दुकानदाराला सरळ विचारावं आणि उत्तर देताना त्याचं तोंड पाहावं.

चौथ्या दुकानात मनासारखा जोड दिसला. अंगठ्याने चामडं दाबलं तर बारीक सुरकुत्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरल्या आणि बोट काढल्यावर विरल्या. लेप असलेल्या चामड्यावर नुसता खड्डा पडतो. जिभेच्या कापलेल्या कडेला एकजीव तंतू होते. मागून वाकवलं तर वाकलेल्या जागी रंग उजळला आणि सोडल्यावर परत गडद झाला. तेल-मेण मुरवलेलं पुल-अप चामडं. याचा फायदा असा की ओरखडा अंगठ्याने चोळला की बराचसा विरतो. गाडीच्या लाथेने, बाभळीच्या काट्याने रोज ओरखडे पडणाऱ्या माणसाला हे वरदान आहे.

रंग काताचा. विड्यात कात रंगतो तसा तांबूस. जॅकेट गुळाच्या काकवीसारखं काळपट तपकिरी, म्हणजे दोघांत चांगल्या दोन छटांचं अंतर. सोफ्याचा धडा मी विसरलो नव्हतो. जुळवायचंच तर धातू जुळवावा. जॅकेटची चेन पितळी, तर लेसच्या कड्याही पितळी घेतल्या. चकाकते स्टीलचे हूक असलेला दुसरा जोड त्यामुळेच मागे ठेवला. आणखी एक गोष्ट आरशात कळली. हे जॅकेट कमरेशीच संपतं, त्यामुळे पाय लांब आणि मोकळे दिसतात, तळाशी थोडं वजन लागतं. निमुळत्या टोकाचा बूट घातला की माणूस लग्नातल्या बँडपथकातला वाटतो.

मापाची मात्र फजिती झाली असती. मी आयुष्यभर 9 नंबर घालत आलो. दुकानात संध्याकाळी गेलो होतो हे बरं झालं, दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि खरं माप तेव्हाच कळतं. जाड मोजे घरूनच नेले होते. 9 नंबरात टाच वर-खाली होत होती. 8 मध्ये टाच बसली, पण करंगळी आवळली. इंग्लंडच्या मापात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. माझी अडचण लांबीची नव्हतीच, रुंदीची होती. दहावीपर्यंत शेतात अनवाणी हुंदडलेले पाय पुढून पसरट होतात. आजवर मी रुंदीसाठी लांबी विकत घेत होतो. त्याच बुटात रुंद साच्याचा साडेआठ नंबर होता, तो माळ्यावरून काढायला लावला. दोन्ही पायांत घालून दुकानात दहा मिनिटं फिरलो. माझा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित मोठा, म्हणून निवाडा डाव्याने केला.

सात हजार दोनशे. घासाघीस करून सहा हजार आठशे. घरी मी चार हजार सांगितले, हे इथेच कबूल करतो.

बाबांनी किंमत विचारलीच नाही. ते माळकरी आहेत, गोठ्यात बैलजोडी आहे, पोळ्याला आम्ही तिची पूजा करतो. त्यांनी ओसरीवर बूट हातात न घेता एवढंच विचारलं, "कोनाचं चामडं हाये?"

मी दुकानातच विचारून आलो होतो. "म्हशीचं, बाबा." आपल्या राज्यात 2015 पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, बुटांना म्हशीचं चामडं पुष्कळ वापरतात, ते जाड आणि मोठ्या रव्याचं असतं, असं सगळं मी सांगू लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "घागरमाळेचा पट्टा तरी कायचा असते म्हना." आणि बूट देवघराच्या भिंतीला लागून न ठेवता पलीकडे ठेवायला सांगितले.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. बूट टाचेवर चावायचे. मी रोज दोन तास घालायचो, मग चप्पल. टाच किंचित उचलली जाते ती पहिल्या दिवसांत चालते, तळवा वाकायला लागला की बसते, तशी ती बसली. आईने एरंडीचं तेल आणून ठेवलं होतं, बैलांच्या पट्ट्यांना लावतात ते. मी आधी जिभेच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून पाहिला. चामडं मऊ पडलं, पण तेवढा भाग कायमचा काळवंडला. मग वरून मेणाचं साधं क्रीमच लावलं. शेजारच्यांनी जवसाचं तेल सुचवलं होतं, ते मी टाळलं. जवस वाळून कडक होतं, दारं-खिडक्यांना त्यासाठीच लावतात.

पावसाळ्यात एकदा नाल्यात पाय गेला. चुलीजवळ वाळवायचा मोह होतो, तो केला असता तर चामडं तडकलं असतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवले, बोळे तीनदा बदलले. ऑगस्टमध्ये शिलाईवर पांढरी बुरशी आली, ओल्या फडक्याने पुसून हवेला ठेवले. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र ठेवू नका. मी ठेवले होते, बुरशी त्याचीच.

डाव्या बुटाच्या टोकावर गिअरच्या दांडीने चट्टा पडलाय. अंगठ्याने चोळून तो जात नाही, तेवढं पुल-अपलाही जमत नाही.

यंदा संक्रांतीला जॅकेट आणि बूट एकत्र घालून दारव्ह्याला गेलो, मुद्दाम काकांच्या समोर जाऊन उभा राहिलो. जॅकेटकडे त्यांनी पाहिलंही नाही. "काढा," म्हणाले. बूट उलटा केला, तळ वाकवला, आरीच्या टोकाने शिलाई उचकून पाहिली.

"नवा तळ टाकून द्याल का काका, झिजला की? हातशिलाईनं?"

"देईन ना. पट्टीले भोकं हायेतच, त्यातूनच दोरा ओढाचा." बूट परत सरळ केला. "पन आताच कायले? दोन वर्सं कुठं गेले नाईत." मग लेसचं कुरतडलेलं टोक बोटांत धरलं, खोक्यातून नवी जोडी काढली, ओवून दिली आणि वीस रुपये घेतले.