छपराखालचे जंगल आणि येऊरचा घोयरा

गेल्या जानेवारीत मुलीकडे झुरिकला गेलो असताना तिने आम्हा दोघांना तिथल्या प्राणिसंग्रहालयातील मासोआला हॉल दाखवला. बाहेर बर्फ पडत होता. दारातून आत पाऊल टाकताच चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या आणि नाकात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाचा जुलैमधला वास शिरला, ओल्या मातीचा आणि कुजणाऱ्या पानांचा. कोट आणि मफलर हातावर घेऊन मी बराच वेळ चष्माच पुसत उभा होतो.

मादागास्करच्या ईशान्येकडील मासोआला द्वीपकल्पातील वर्षावनाची ही प्रतिकृती २००३ साली खुली झाली. सुमारे ११ हजार चौरस मीटर जागेवर, तीस मीटर उंचीच्या छपराखाली, प्राणी मोकळे हिंडतात. मला सर्वांत जास्त कुतूहल वाटले ते छपराचे. ते काचेचे नसून ईटीएफई नावाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या, हवा भरून फुगवलेल्या उशांचे आहे. साधी काच सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा जो भाग अडवते, त्याच्याच साहाय्याने सरड्यांच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते, आणि ते नसेल तर त्यांची हाडे ठिसूळ होतात. या उशा मात्र ते किरण आत येऊ देतात. आपल्या राणीच्या बागेत नेमका उलटा खटाटोप चालतो. तिथे २०१६ साली आणलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांसाठी मुंबईच्या उकाड्यात गारवा राखावा लागतो. विजेचे बिल दोन्हीकडे येतच असणार.

पिंजरे नसल्यामुळे प्राणी दिसतीलच याची खात्री नसते. लाल लेमूर जगात फक्त त्या द्वीपकल्पावरच नैसर्गिकरीत्या आढळतात. तासाभरात आम्हाला त्यांतल्या एकाची शेपटी तेवढी दिसली. शेजारचे एक कुटुंब कंटाळून निघून गेले, पण मला ही व्यवस्था रास्त वाटली, कारण ज्या प्राण्याला आपल्यापासून लपता येते तोच थोडाफार जंगलातल्यासारखा वागतो. तेवढ्यात हिने माझी बाही ओढली. ‘अहो, घोयरा!’ हातभर अंतरावरच्या फांदीवर पँथर कॅमेलिऑन, म्हणजे तिकडचा घोयरा सरडा, बसला होता, एक डोळा आमच्याकडे आणि दुसरा भलतीकडे. पुढचा पाय उचलून तो वाऱ्याने पान हलावे तसा पुढेमागे झुलत होता. पावसाळ्यात येऊरच्या वाटेवर आपला घोयरा अगदी असाच झुलतो.

एक गोष्ट मात्र त्या हॉलमध्ये मला खटकली, आणि तो दोष हॉलचा नव्हे, माझ्या सवयीचा आहे. ठाण्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांतच संपतो, त्यामुळे येऊरचे साग उन्हाळ्यात उघडेबोडके होतात आणि पळस, काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात. खऱ्या वर्षावनाला असा कोरडा काळ फारसा माहीतच नसतो. तिथे बारा महिने हिरवे असते.

मार्चमध्ये परतल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही येऊरला गेलो. पायाखाली सागाची पाने पापडासारखी मोडत होती आणि घोयरा अर्थातच कुठे दिसला नाही. ‘जूनमध्ये बघू,’ ही म्हणाली.