आमची वाटचाल : थडग्यावरची फुले

आमच्या व्यवसायाची सुरुवात समारंभांच्या सजावटीने झाली. व्यासपीठ, प्रवेशद्वार आणि टेबले यांची सजावट करताना फुले सहा-सात तास टवटवीत राहिली की काम चोख झाले, असे आम्ही मानत होतो. अशाच एका नाताळाच्या आठवड्यात एक वयस्क बाई आल्या आणि पतीच्या थडग्यासाठी पुष्परचना करून द्याल का, असे त्यांनी विचारले. ‘हे गेल्यानंतरचा पहिलाच नाताळ आहे,’ एवढेच त्या म्हणाल्या.

लाल गुलाब, पांढरी लिली आणि रुंद लाल सॅटिनची फीत वापरून आम्ही उंच रचना केली. ती सुरेख दिसत होती; पण रात्रीच्या दवाने फितीचा रंग सुटला, पांढऱ्या संगमरवरावर नावाच्या खालून गुलाबी ओघळ उतरले, लिलीचे पराग कोरीव अक्षरांच्या खाचांत बसले आणि वाऱ्याने फुलदाणी कलंडली. बाई रागावल्या नाहीत. त्या रुमालाने एकेक अक्षर पुसत राहिल्या, आणि संगमरवर सच्छिद्र असल्यामुळे डाग काही निघेना. ते दृश्य आम्ही विसरलेलो नाही.

मंडपातल्या फुलांवर कोणाची तरी नजर असते. थडग्यावरची फुले मात्र ऊन, वारा आणि पाऊस यांच्या हवाली करून माणूस घरी परततो. हे ध्यानात घेऊन आम्ही काम मुळापासून बदलले. रचना बुटकी आणि पसरट ठेवली, म्हणजे वारा लागत नाही आणि नावही झाकले जात नाही. भांड्याच्या तळाशी वाळू भरली आणि पावसाचे पाणी साचू नये म्हणून वरच्या बाजूला भोके पाडली. साध्या लोखंडी तारेचा गंज दगडावर उतरतो, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली तार घेतली. गुलाबाच्या जागी अधिक दिवस टिकणारी कार्नेशन आणि शेवंती आली. सोबत वाळल्यावरही रंग टिकवणारी स्टॅटिसची फुले आणि सणाची हिरवाई म्हणून सुरूच्या व मोरपंखीच्या फांद्या आल्या. लिली हवीच असेल, तर कळी उमलताच परागकोश चिमटीने काढून टाकतो.

सर्वांत अधिक वेळ फोमने, म्हणजे देठ खोचण्यासाठी वापरायच्या पाणी शोषणाऱ्या स्पंजासारख्या ठोकळ्याने घेतला. हिरवा फोम दाबून पाण्यात बुडवला तर तो आतून कोरडा राहतो आणि मधली फुले दुसऱ्याच दिवशी माना टाकतात, म्हणून तो आपोआप बुडू द्यावा लागतो, हे आम्ही पुष्कळ फुले वाया घालवून शिकलो. मात्र त्याचा चुरा कुजत नाही, मातीतच राहतो. त्यामुळे पुढे आम्ही फोम सोडला आणि गुंडाळलेल्या जाळीत ओले शेवाळ भरून त्यात देठ खोचू लागलो. ही पद्धत वेळखाऊ आहे. तरीही आम्हाला तीच योग्य वाटते.

पुढच्या नाताळाला त्या बाई पुन्हा आल्या. आम्ही दगडाचे माप आधीच घेतले होते आणि रचना घेऊन त्यांच्यासोबत गेलो. एक कार्नेशन चुकून बाहेर राहिले होते. त्यांनी ते आमच्या हातून घेतले आणि मोरपंखीच्या आडून स्वतःच खोचले. तेव्हापासून प्रत्येक रचनेत आम्ही एका फुलाची जागा मोकळी ठेवतो आणि ते फूल, देठाला ओला कापूस गुंडाळून, वेगळे देतो.