चारशे आठवा तुकडा

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात चार पिशव्या आहेत. घरातले त्यांना ‘आईचा कचरा’ म्हणतात. ब्लाउज बेतून उरलेली कातरण, विटलेल्या साड्यांचे न विटलेले काठ, मुलीच्या पहिलीतल्या फ्रॉकचा घेर, आणि ‘ह्यां’च्या जुन्या शर्टांच्या पाठी. शर्ट कॉलरला फाटतो, कोपरावर विरतो, पाठ मात्र नव्यासारखी राहते. पाठीला फारसं काम पडलेलं नसतं ना, असं मी एकदा बोलून गेले आणि घरात दोन दिवस अबोला होता.

दर दिवाळीला मी त्या पिशव्या टाकायला म्हणून काढते. सगळं अंगणात पसरते, एकेक तुकडा उचलते, हा कशाचा ते आठवते, आणि संध्याकाळी सगळं पुन्हा भरून ठेवते. पिशव्या तीनच्या चार झाल्या त्या अशाच एका साफसफाईत.

पुण्याचे पाहुणे आले की विचारतात, नागपुरात गोधडी लागतेच कशाला? त्यांना आमचा डिसेंबर ठाऊक नसतो, आणि आमचा कूलरही ठाऊक नसतो. बाहेर ४५ अंश असतात, खिडकीत वाळ्याच्या ताट्यांमधून पाणी झिरपत असतं, आणि पहाटे चारला माणूस पायानेच गोधडी शोधू लागतो. ब्लँकेट तेव्हा नको वाटतं, चादर पुरत नाही. दोन जुन्या लुगड्यांच्या पदरांमध्ये चिंध्या घालून शिवलेली सुती गोधडी तेवढी बरोबर बसते. कापड जुनंच हवं. शंभर वेळा धुतल्यावर त्यातली खळ जाते आणि ते अंगाला लागतं. बाळंतविड्यातली दुपटी जुन्या साडीची करतात ती काही गरिबीपायी नव्हे.

तर मागच्या वर्षी अमेरिकेतून भाची आली. तिकडे ती गोधड्या शिवते, म्हणजे क्विल्टिंग करते. मैत्रिणी-मैत्रिणी मिळून गावाबाहेर एक घर भाड्याने घेतात, आपापली मशीन गाडीत घालून नेतात आणि तीन दिवस फक्त शिवतात. नवरे नाहीत, मुलं नाहीत, स्वयंपाकाच्या पाळ्या लावलेल्या. मी म्हटलं, ह्यात नवं काय? आमच्या आजोळी वाड्याच्या चौकात आजी लुगडं अंथरायची, चार कोपऱ्यांवर चार बायका बसायच्या आणि शिवत शिवत मध्याकडे सरकायच्या. शेवटी चौघींचे गुडघे एकमेकींना लागले की गोधडी झाली. भाची म्हणाली, तिकडच्या आज्यांचंही असंच होतं. हिवाळाभर घरोघरी तुकडे जोडायचे, मग सगळ्यांनी एका चौकटीभोवती बसून थर शिवून टाकायचे.

तिने मला भेट म्हणून एक रोल आणला होता. जेली रोल म्हणतात म्हणे. अडीच इंच रुंदीच्या चाळीस पट्ट्या, कोऱ्या कापडाच्या, एकमेकींना शोभतील अशा रंगांच्या, गोल गुंडाळून वर फीत बांधलेली. भिशीच्या दिवशी मी तो टेबलावर ठेवला तेव्हा आधी सगळ्यांना ती मिठाई वाटली.

“हे नवं कापड आहे?” महाल भागात राहणाऱ्या काकूंनी विचारलं.

“नवंच.”

“नवं कापड फाडून चिंध्या केल्या? आणि वर त्याचे पैसे घेतले?”

“फाडलं नाही काकू, मशीनने कापलं.”

“तेच ते. बाप्पा!”

त्या रोलची फीत आजतागायत कोणी सोडलेली नाही. तो शोकेसमध्ये आहे, हुरड्याच्या वेळी वर्ध्याहून आणलेल्या चरख्याच्या शेजारी. भाचीने आणखी एक प्रश्न विचारला होता: “मावशी, तुम्ही बॅटिंग कुठली वापरता?” हे पेपर वाचत होते ते तिथूनच म्हणाले, “जामठ्याला पिच चांगलं असलं तर पहिली.” गोधडीच्या पोटात कापसाचा जो पातळ थर घालतात त्याला तिकडे बॅटिंग म्हणतात, हे त्यांना समजावण्यात चहा गार झाला. कापसाच्या ह्या मुलखात, जिथे केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून आहे, तिथे पोटात कापूस घालायला वेगळी इंग्रजी वस्तू विकत आणायची कल्पना आम्हाला काही पटली नाही. आमच्या गोधडीच्या पोटात जुनी साडीच जाते.

पण ते तीन दिवस घराबाहेर जाऊन शिवायचं, ते मात्र सगळ्यांना ताबडतोब पटलं.

आमची भिशी सहा जणींची. मॅडम शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, गणित शिकवायच्या. एक बँकवाली, महालातल्या काकू, एकाच घरातल्या दोघी जावा आणि मी. डिसेंबरात चिखलदऱ्याला जायचं ठरलं, टेम्पो ट्रॅव्हलर ठरली आणि मॅडमनी फळ्यासमोर उभं राहावं तसा हिशोब मांडला. चार इंचाचा चौकोन, चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत जाणार, म्हणजे उरला साडेतीन. रुंदीला १७, लांबीला २४. एकूण ४०८ तुकडे. सहा जणींनी प्रत्येकी ६८ आणायचे. गोधडी होईल सात फूट लांब आणि पाच फुटाला अर्धा इंच कमी रुंद. “तो अर्धा इंच कुठे गेला, असं मला कुणी विचारू नका,” असं म्हणून त्यांनी स्वतःच तो कुठे गेला ते दहा मिनिटं सांगितलं. साचा प्रत्येकीने लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा करायचा. लग्नपत्रिका आजकाल इतक्या जाड असतात की त्यांचा हा एक तरी उपयोग व्हावा.

नियम एवढेच की कापड सुती हवं आणि धुतलेलं हवं. सुती आणि पॉलिएस्टर शेजारी शेजारी आलं की पहिल्या धुण्यात सुती आटतं, पॉलिएस्टर तसंच राहतं आणि शिवणीला चुण्या पडतात. तुकडा आडव्या-उभ्या धाग्यावर कापायचा. उरेब कापला तर तो हातात ताणला जातो आणि चौकोनाचा पतंग होतो. धाकट्या जावेने अर्धे पतंगच आणले.

गाडीत शिवता येईल हा आमचा पहिला गैरसमज होता. अमरावतीपर्यंत रस्ता सरळ, पण सुईत दोरा ओवायला चष्मा, उजेड आणि स्थिर हात तिन्ही लागतात, आणि आमच्यापैकी कोणाकडेच तिन्ही एका वेळी नव्हते. काकूंनी मात्र घरूनच वीस सुया एकाच रिळावर माळेसारख्या ओवून आणल्या होत्या. सुई ओढायची, हवा तेवढा दोरा घ्यायचा, तोडायचा, पुढची सुई तयार. घाट लागायच्या आत हे ज्याने केलं तो शहाणा.

अमरावती सोडून परतवाड्याकडे निघालं की वलगाव लागतं. तिथल्या पेढी नदीच्या पुलापाशी २० डिसेंबर १९५६ला गाडगेबाबांनी देह ठेवला. अंगात ठिगळांचे कपडे, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. आम्ही गेलो तेव्हा वीस तारीख नुकतीच होऊन गेली होती. काकूंनी गाडी थांबवायला लावली, पुलाच्या कडेला उभं राहून हात जोडले आणि परत बसताना म्हणाल्या, “पहा, माणूस चिंध्या पांघरून फिरला न् आपण गोधडीत मॅचिंग पाहून राहिलो.” त्यावर परतवाडा येईपर्यंत कोणी मॅचिंगचं नाव काढलं नाही. परतवाड्याला चहा झाला आणि मोठ्या जावेने विचारलं, “तरी पण पिवळ्याशेजारी जांभळा बरा दिसेल ना?”

चिखलदऱ्यात काय पाहिलं ते मला विचारू नका. भीमकुंड पाहिलं, गाविलगड लांबून पाहिला, कॉफी प्यायलो. ह्यांचा फोन आला, पंचबोलला गेलात का? गेलो होतो. पाच मिनिटं उभ्या राहिलो, हाक मारली, ती परत आली, आम्हीही परत आलो. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात ऊन होतं आणि सतरंजीवर तुकडे मांडलेले होते. वाऱ्याने ते उडू नयेत म्हणून त्यांच्यावर वाट्या, चष्म्याची घरं, बँकवालीच्या गोळ्यांचा डबा, असं काहीबाही ठेवलेलं.

तुकडे हातात आले की ते कुणाचे, कशाचे, हे विचारलंच जातं. काकूंचे सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते. १ जानेवारी १८७७ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ती गिरणी. नाव त्या सम्राज्ञीवरूनच. सासऱ्यांनी मिलमधून आणलेल्या कापडाचा पलंगपोस काकूंकडे होता. त्याचे पांढरे चौकोन असे निघाले, की कापलेल्या कडेतून एक धागा सुटेल तर शपथ. गिरणी बंद पडली, त्या जागेवर आता मॉल आहे. धाकट्या जावेने त्याच मॉलमधून घेतलेल्या लाल कुर्तीचे तुकडे आणले होते, ते नुसते पाहूनच उसवत होते. “सुती आहे म्हणून सांगितलं होतं वो,” ती म्हणाली. काकूंनी एक धागा ओढला, काडीने जाळला, त्याची काळी कडक गोळी झाली. सुती जळलं तर राख होते. जाऊबाईंचे बारा तुकडे नियमात बसत नव्हते, पण मॅडमनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, कारण बारा वजा केले तर पुन्हा सगळा हिशोब आला.

दोघी जावा एकाच ओळीवर दोन टोकांकडून शिवत होत्या. एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा वालाच्या शेंगेएवढा. घरातही त्यांचं असंच आहे, पण घरात ते दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम म्हणाल्या, “दोऱ्याला गाठ नीट मारा गं, नाहीतर पहिल्या धुण्यात सगळं मोकळं होईल.”

बँकवाली मान खाली घालून शिवत होती. म्हणाली, “मला पण गाठ आली होती.”

“काप ना मग,” धाकटी जाऊ म्हणाली, “ही घे कात्री.”

“काढली. मार्चमध्ये. साधी निघाली.”

सुया थांबल्या. मार्चच्या भिशीला ती आलेली नव्हती. मुलाकडे बंगलोरला जाते म्हणून सांगितलं होतं, आणि आम्ही नियमाप्रमाणे तिला पन्नास रुपये दंड लावला होता. काय बोलावं ते कोणाला सुचेना. समोरासमोर बसून, चहाचे कप हातात घेऊन ती हे बोलली नसती, आणि आम्हीही ते ऐकताना काहीतरी भलतंच बोललो असतो. तिची नजर सुईवर, आमची आपापल्या तुकड्यांवर. शेवटी तीच म्हणाली, “माझे पन्नास रुपये परत करा.” मॅडमनी पर्स उघडली, शंभराची नोट काढली आणि उरलेले पन्नास परत मागितले. हसता हसता काकूंच्या बोटात सुई गेली. त्या दुपारची ओळ आता पाहिली तर वेडीवाकडी आहे. कोणी ती उसवली नाही.

आमचा ड्रायव्हर कामठीचा पोरगा होता. पंचविशीचा असेल. तीन दिवस तो गाडी पुसायचा आणि अधूनमधून येऊन आमच्याकडे पाहायचा. “काय करून राहिल्या वो काकू तुम्ही? पाचशे रुपयांत ब्लँकेट भेटते ना.” बँकवालीने त्याला आमच्या श्रमांचे दर लावून गोधडीची किंमत सांगितली, तेव्हा तो म्हणाला, “मग विकून टाका!”

शेवटच्या संध्याकाळी ओळी जोडल्या आणि तळाच्या ओळीत उजवीकडे एक भोक राहिलं. मॅडमनी मोजले. पुन्हा मोजले. ४०७. त्यांनी शिवणीतून गेलेले तुकडे मोजले, सतरंजी झटकली, ड्रायव्हरला गाडीत शोधायला लावलं. प्रत्येकीने शपथेवर सांगितलं की आपण ६८ आणले.

मीही सांगितलं. घरून निघताना मी अडुसष्ट मोजले होते हे खरं आहे. चपला घालता घालता मी परत आत गेले आणि फ्रॉकच्या घेराचा एक तुकडा काढून खणात ठेवून आले, हेही खरं आहे. दुसरा घालायचा मात्र विसरले.

चौकोनी कापड शोधायला लागलो. रुमाल सगळे पॉलिएस्टर. तेवढ्यात ड्रायव्हरने गळ्यातला दुपट्टा काढला आणि त्याचं एक टोक पुढे केलं. लाल चौकड्यांचा, अस्सल सुती. काकूंनी नळाखाली धरला तर गुलाबी पाणी आलं. मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवला, सकाळी पुन्हा धुतला, तरी थोडं गुलाबी आलंच. मॅडम म्हणाल्या, काकूंच्या पांढऱ्याशेजारी तो लावायचा नाही, जाऊबाईंच्या लालशेजारी लावू. म्हणजे एका तुकड्यासाठी तळाच्या ओळीतले चार उसवून हलवावे लागले.

तीन दिवसांत गोधडी होत नाही, फक्त वरचा पदर जोडून होतो. अस्तर, पोटातली साडी आणि कडेकडून मध्यापर्यंतचे धावदोरे सगळे बाकी आहेत. तोवर ती माझ्याकडे, खालच्या खणावरच्या खणात. झाल्यावर ती कोणाची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, भिशीसारखं. ड्रायव्हर म्हणाला, सातवी चिठ्ठी माझी. मॅडमनी त्याला त्याचा वाटा चारशे आठात एक कसा होतो ते समजावून पाहिलं, पण त्याने चिठ्ठीच मागितली.

मार्चमध्ये पचमढीचं ठरतंय. गाडी कोणाची हा प्रश्नच उरला नाही, कारण परवा त्याचाच फोन आला. मला वाटलं, तारीख विचारायला केला असेल.

“काकू, माझा तुकडा कुठं आला वो?”

“खालून पहिली ओळ. उजवीकडून पाचवा.”

“रंग उतरला का?”

“अजून धुतली नाही रे.”

“मग धुवू नका,” तो म्हणाला, “मी आल्यावर धुवा.”