तुम्ही विचारलंत म्हणून: 'द अव्हेंजर्स' पुन्हा पुन्हा का?

"शेवट माहीत आहे, संवाद पाठ आहेत, मग तोच सिनेमा परत काय बघत बसतेस?" हे घरी मावशी विचारते, ऑफिसात बरोबरीचे विचारतात आणि आता तुम्हीही विचारलंत. विषय असतो २०१२ सालचा 'द अव्हेंजर्स', सहा सुपरहिरो एकत्र येऊन लढतात तो सिनेमा. एका वाक्यात सांगायचं तर त्यात सहाजणांना कामं वाटून दिली जातात, ती वेळ मला पुन्हा अनुभवायची असते. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून सविस्तर सांगते.

त्याआधीची चार वर्षं आम्ही या लोकांना वेगवेगळं भेटत होतो. २००८ मध्ये आयर्न मॅन आणि हल्क आले, २०११ मध्ये थॉर आणि कॅप्टन अमेरिका. प्रत्येकाच्या सिनेमाचा रंग निराळा होता. एकीकडे शस्त्रास्त्रांचा कारखानदार टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, दुसरीकडे जवळपास सत्तर वर्षं बर्फात राहून जागा झालेला दुसऱ्या महायुद्धातला सैनिक, तिसरीकडे साक्षात देव. कॉमिक्समध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ सालीच असा संघ जमवला होता. तिथेही सगळे एकत्र आले ते थॉरचा कपटी भाऊ लोकी याच्या कारस्थानामुळेच. पण कागदावर देव आणि सैनिक एकाच शाईत काढलेले असतात, शेजारी सहज उभे राहतात. पडद्यावर खऱ्या चेहऱ्यांचे नट हे करणार म्हटल्यावर मला धाकधूक होती. आपल्याकडे तो २७ एप्रिलला लागला, अमेरिकेच्या एक आठवडा आधी. थिएटर शिट्ट्यांनी भरून गेलं होतं आणि त्यात माझाही आवाज होता.

सगळ्यांना आठवतो तो हल्क लोकीला धरून जमिनीवर आपटतो तो प्रसंग. मलाही तो आवडतोच, पण माझा जीव अडकलाय तो नताशा आणि बॅनरमध्ये. नताशा ही संघातली हेर आणि बॅनर म्हणजे रागावला की हिरवा, अवाढव्य हल्क होणारा माणूस. त्यांची पहिली भेट होते आपल्या कोलकात्यात. डॉक्टर बॅनर तिथे गोरगरिबांवर उपचार करत लपून राहिलाय आणि नताशा त्याला न्यायला आली आहे. बोलता बोलता तो मुद्दामच टेबलावर हात आपटून ओरडतो आणि त्या क्षणी तिच्या हातात पिस्तूल आलेलं असतं. ही तीच बाई, जिला थोडं आधी आपण खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत गुंडांची उलटतपासणी घेताना पाहिलंय. ती कशालाच घाबरत नाही असं आपल्याला वाटलेलं असतं. तिला याची मात्र भीती वाटते.

पुढे हेलिकॅरियरवर, म्हणजे त्या उडत्या युद्धनौकेवर, बॅनरचा हल्क होतो आणि तिच्यामागे लागतो. थॉर मध्ये पडतो म्हणून ती वाचते. नंतर ती एका कोपऱ्यात बसली आहे, अंगाचा थरकाप थांबलेला नाही. तेवढ्यात बिनतारी यंत्रावर, हा संघ जमवणारा निक फ्युरी विचारतो की बार्टन आत शिरलाय, त्याला अडवायला कुणी आहे का? बार्टन तिचा तिरंदाज मित्र, लोकीच्या जादूने फिरवलेला. ती एक श्वास घेते आणि सांगते, मी ऐकलंय, मी जाते. स्कार्लेट जोहान्सनने हा क्षण इतका खरा केलाय की तिच्या साऱ्या मारामाऱ्या एकीकडे आणि हे उठणं एकीकडे.

आणि मग न्यूयॉर्क. शहर फुटतंय, आकाशाला भोक पडलंय, चिटॉरींची, म्हणजे लोकीच्या बाजूने लढणाऱ्या परग्रहवासीयांची, फौज त्यातून उतरते आहे. त्या ढिगाऱ्यात बॅनर एका जुन्या मोटारसायकलवरून येतो, आजूबाजूला बघतो आणि म्हणतो की हे सगळं भयंकर दिसतंय. नताशा म्हणते, यापेक्षा वाईट पाहिलंय मी. त्याला कळतं ती कशाबद्दल बोलते आहे. तो माफी मागतो. त्यावर ती म्हणते, नाही, आत्ता आपल्याला तसलंच थोडं वाईट हवंय. जिला त्याची सर्वांत जास्त भीती, तीच त्याला सांगते की आम्हाला तू हवा आहेस. मार्क रफेलोच्या चेहऱ्यावर त्यावेळी जे येतं ते बघायला मी आख्खा सिनेमा पुन्हा लावू शकते. आधीच्या सिनेमात हल्क एडवर्ड नॉर्टन होता. रफेलो पहिलाच नट, ज्याने बॅनर आणि मोशन कॅप्चरने, म्हणजे नटाच्या हालचाली संगणकाने टिपून, हल्क असं दोन्ही केलं. हिरव्या चेहऱ्यातही डोळे त्याचेच राहतात ते यामुळे.

लगेच तो सुप्रसिद्ध फेरा येतो. सहाजण पाठीला पाठ लावून उभे, कॅमेरा त्यांच्याभोवती गोल फिरतो आणि अ‍ॅलन सिल्व्हेस्ट्रीची धून पूर्ण ताकदीनिशी वाजते. अशा भव्य सिनेमांची चौकट सहसा आडवी, रुंद असते. छायाचित्रकार शेमस मॅकगार्व्ही यांनी इथे मुद्दाम उंच चौकट घेतली, कारण प्रचंड हल्क आणि ठेंगणी नताशा एकाच दृश्यात बसवायची होती. मला या निर्णयाचं फार कौतुक आहे. कुणाचंही डोकं कापायचं नाही आणि कुणाला कोपऱ्यात ढकलायचं नाही, हे तिथेच ठरलं.

आणि मग कॅप्टन कामं वाटतो. लग्नघरात एखादी आत्या मधोमध उभी राहून "तू पंगतीकडे बघ, तू गुरुजींकडे" असं पटापट सांगते ना, तसं. बार्टन गच्चीवर, सगळीकडे नजर ठेवायला. स्टार्क बाहेरच्या कडेला, तीन चौकांपलीकडे काही जाऊ द्यायचं नाही. थॉरने विजेने ते भोक अडवायचं. नताशा आणि तो स्वतः जमिनीवर. हल्कला एकच शब्द: फोड. नुसत्या धनुष्यबाणाचा बार्टन इथे कशाला, असं विचारणाऱ्यांनी पुढचं दृश्य बघावं. शत्रूच्या गाड्यांना झटकन वळता येत नाही हे तो वरून ओळखतो आणि स्टार्कला अरुंद वळणं घ्यायला सांगतो. मग कॅमेरा न तुटता एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो आणि सहाही जणांचं काम एका दमात दिसतं. यातलं बरंचसं क्लीव्हलंडच्या रस्त्यांवर चित्रित केलंय. मला ते न्यूयॉर्कच वाटतं.

सिनेमात उणं काहीच नाही असं नाही. चिटॉरींना चेहरा नाही, हे खरं आहे. बार्टन अर्धा सिनेमा लोकीच्या ताब्यात वाया जातो, याचं मला अजून वाईट वाटतं. पण स्टार्कचा शेवट बघा. आधी कॅप्टन त्याला तोंडावर सुनावतो की दुसऱ्यासाठी काटेरी तारेवर आडवा पडणारा माणूस तू नव्हेस. आणि अणुबॉम्ब घेऊन त्या भोकातून जातो तो स्टार्कच. बेशुद्ध होऊन खाली पडताना त्याला झेलतो हल्क, ज्याच्यावर जहाजावर फक्त स्टार्कनेच विश्वास टाकला होता. लेखक-दिग्दर्शक जॉस व्हेडन यांनी भांडणात पेरलेलं सगळं लढाईत उगवतं.

२०१९ चा 'एंडगेम' मोठा आहे हे मला मान्य आहे. त्यात मीही रडले. पण तिथे अकरा वर्षांची पुण्याई मागे होती. २०१२ मध्ये ही माणसं एकमेकांना धड ओळखतही नव्हती, ती ओळख याच सिनेमाने जवळजवळ अडीच तासांत करून दिली.

तुम्ही अजून पाहिला नसेल तर आधी २००८ चा 'आयर्न मॅन' आणि २०११ चे 'थॉर' आणि 'कॅप्टन अमेरिका' हे दोन बघा, मग हा. तेवढा वेळ नसेल तर सरळ यालाच बसा, गोष्ट कळते. आणि दुसऱ्यांदा बघाल तेव्हा हल्क समोर असताना नताशाकडे लक्ष ठेवा.